अमवाजचा सुभेदार

सकाळी ऑफिसला निघताना बहारीनच्या अमवाज बेटांवरल्या आमच्या इमारतीतल्या प्रत्येकाला गेटवरच्या सुभेदाराचा सॅल्यूट मिळायचा, आणि तो घेण्याची लायकी आमच्यातल्या एकाचीही नव्हती. कोणी ऑडिटर, कोणी जाहिराती विकणारा, कोणी माझ्यासारखी बँकेत बसून दुसऱ्यांच्या कर्जांवर शेरे मारणारी. गाडीच्या काळ्या काचेआड कोण फोनवर ओरडतंय, कोण पोरांवर खेकसतंय, याच्याशी सुभेदाराला कर्तव्य नव्हतं. बॅरियर वर गेला की त्याच्या टाचा जुळायच्या, तळहात भुवईपाशी यायचा आणि गाडी रस्त्याला लागेपर्यंत तिथेच राहायचा. एकदा गाड्या धुणाऱ्या बांगलादेशी माणसाने आमचीच गाडी धुवायला बाहेर काढली, तर तिलाही सुभेदाराने सॅल्यूट ठोकला. मी त्याला हटकलं तेव्हा म्हणाला, "ताई, सॅल्यूट माणसाला नसतो, हुद्द्याला असतो." आमच्या गाडीला कसला हुद्दा होता, ते त्यालाच ठाऊक.

त्याचं नाव विश्राम. गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं, खाडीकाठचं. 'सुभेदार' हे नाव त्याच्या मल्याळी सुपरवायझरने चेष्टेने पाडलेलं, पण त्याने ते बढती मिळाल्यासारखं स्वीकारलं. "आमचे आबा अख्खी नोकरी करून हवालदार म्हणून रिटायर झाले. मी वॉचमन होऊन डायरेक्ट सुभेदार. बापाच्या पुढे गेलो की नाय?" असं म्हणून तो स्वतःच आधी हसायचा. मिशा भरघोस, पाठ ताठ, आणि पाय मात्र अगदी सपाट. चालताना ते पाय जमिनीवर फताफता पडायचे, म्हणून तो लोकांदेखत फार चालत नसे. उभाच राहायचा.

उभं राहण्याबद्दल त्याची ठाम मतं होती. जुलैमध्ये समुद्रावरची दमट हवा अंगाला चिकटते, दाराबाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ धरते. अशा वेळी बाकीचे वॉचमन केबिनमध्ये एसीपुढे खुर्ची ओढून बसत आणि बटण दाबून बॅरियर उघडत. सुभेदार बाहेर. कंपनीने दिलेले रबरी बूट त्याने कपाटात टाकून दिले होते आणि मनामाच्या बाजारातून फौजी पद्धतीचे जाड बूट घेतले होते. त्यांच्यावर वाळू बसली की खिशातल्या फडक्याने पुसायचा. "बसलेल्या माणसाकडे गेट कोण राखायला देईल?" तो म्हणायचा. "उभं राहायला पण शिकावं लागतं, ताई." माझी मुलगी इथल्या इंग्रजी शाळेत शिकलेली. ती गाडीतून त्याच्या सॅल्यूटची नक्कल करायची आणि म्हणायची, "ही इज सो क्यूट, मम्मा." मला तेव्हाही तो शब्द आवडला नव्हता.

तो मराठी आहे हे मला कळलं ते एका शुक्रवारी. दुपारी सुट्टीच्या सामसुमीत गेटवर तो एकटाच फोन कानाला लावून सावधानमध्ये उभा होता. छाती पुढे, दुसरा हात पँटच्या शिवणीला चिकटलेला. "जी आबा. होय आबा. बरा हाय आबा." मला वाटलं, कंपनीचा कोणी मोठा साहेब असेल. फोन ठेवल्यावर कळलं, गावाहून वडील बोलत होते. म्हणाला, "आबांशी बसून बोललो तर त्यांना तिकडे कळतं. आवाजावरून ओळखतात." दर शुक्रवारी हा फोन असायचा. आबा कधी स्वतःहून प्रेमाचा शब्द बोलल्याचं मी ऐकलं नाही, त्यानेही कधी सांगितलं नाही. पण त्या फोननंतर तासभर त्याचा चेहरा उजळलेला असायचा.

त्याच्या घरात फौज पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. पणजोबा इंग्रजांच्या पलटणीत आपणहून भरती झालेले आणि पहिल्या महायुद्धात बसऱ्याच्या पुढे कुठे तरी तुर्कांच्या गोळीने मेलेले. गावातल्या शाळेजवळ इंग्रज सरकारने बसवलेली एक शिळा आहे. या गावातून इतके लढाईवर गेले, त्यातले इतके परत आले नाहीत, असं तिच्यावर कोरलेलं. नावं नाहीत, नुसता हिशेब. पण त्या हिशेबात आपला पणजा आहे एवढं या घराला पुरे होतं. कधी ड्यूटी संपल्यावर सुभेदार अमवाजच्या कडेच्या दगडांवर जाऊन उभा राहायचा आणि मला पाणी दाखवायचा. "ह्याच समुद्रातून त्यांची बोट गेली, ताई. मुंबईवरनं बसऱ्याला. मी इथे येऊन उभा आहे आणि ते इथनं पुढे गेले." त्या दगडांपलीकडे लोक पाण्यावर स्कूटर उडवत असायचे.

आता त्याच्या गावची रीत सांगायला हवी, कारण सगळं तिथेच अडकलं. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी देवळातून निघते तेव्हा तिला पहिला खांदा पलटणवाल्याच्या घराचा. पणजोबा गेले त्यानंतर गावाने हा मान त्या घराला दिला. अट एकच, प्रत्येक पिढीत घरातल्या एका तरी माणसाने वर्दी चढवलेली पाहिजे. नाही तर मान वरच्या आळीच्या भावकीकडे जायचा, आणि ती भावकी टपूनच बसलेली. आजोबा फौजेत होते, आबा फौजेत होते. विश्राम आबांचा एकुलता एक. तो कोल्हापूरला भरतीला गेला, बेळगावला गेला, पुन्हा गेला. धावण्यात पास, छातीत पास, आणि डॉक्टरने ओल्या पायाचा ठसा बघितला की बाहेर. "बंदूक काय पायाने चालवायची असते?" असं तो मला विचारायचा, जणू भरतीचं मेडिकल मीच घेत होते.

बहारीनला आल्यावर पहिल्या दिवशी कंपनीने निळी वर्दी दिली. खांद्यावर पट्टे, छातीवर बिल्ला, डोक्याला टोपी. त्याने हौसेने फोटो काढून घरी पाठवला. आबांनी तो फोटो बघितला, मोठा करून घेतला आणि ओटीवर लावला. गावात सांगितलं, आमचा विश्राम बहारीनच्या पोलिसात लागला. आबा खोटं बोलत नव्हते. त्यांना तसंच वाटलं होतं. एका फौजी माणसाने पट्टे बघितले आणि पुढचं काही विचारलंच नाही. विश्रामने ते दुरुस्त केलं नाही. "मी खोटं बोललो नाय, ताई. फक्त गप्प बसलो. आबा फोनवर पहिल्यांदा 'शाबास' म्हणाले होते. त्यांना काय सांगू, मी लोकांच्या पिशव्या उचलतो म्हणून?" शिमग्याला जुळवून तो सुट्टी घ्यायचा. ती निळी वर्दी, कंपनीच्या नावाची पट्टी तेवढी उसवून, कडक इस्त्री करून बॅगेत घालायचा आणि गावात ती अंगावर चढवून पालखीला पहिला खांदा द्यायचा. अशी बरीच वर्षं गेली. कोणाचं काही वाकडं झालं नाही. देवीनेही तक्रार केल्याचं ऐकिवात नाही.

मग वरच्या आळीचा एक जण एसी दुरुस्तीच्या कामावर बहारीनला आला, आणि नेमका आमच्याच इमारतीत. त्या वेळी सुभेदार तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंचं कुत्रं काखेत धरून, दुसऱ्या हातात त्यांच्या भाजीच्या पिशव्या घेऊन लिफ्टकडे निघाला होता. त्या माणसाने ओळख दिली नाही. लांबून व्हिडिओ काढला आणि गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'बहारीनचे पोलीस ड्यूटीवर.' आपल्या लोकांना हे किती छान जमतं! परक्या मुलखात एकाच्या घामाचा वास दुसऱ्याला येतो, आपुलकीने दोघं एका ताटात जेवतात, आणि संधी मिळाली की असा नेम धरतात की पुसू नका.

त्या वर्षीच्या शिमग्यात काय झालं ते त्याने परत आल्यावर मला सांगितलं, तेही तुकड्यातुकड्यांनी. वर्दी घालून तो देवळापुढे आला. पालखी उचलायला खाली वाकला, दांडा खांद्यावर घेतला. तेवढ्यात वरच्या आळीच्या म्हाताऱ्याने ढोल थांबवायला सांगितलं आणि म्हणाला, "पलटणीचा मान पलटणीला. वॉचमनचा मान गेटावर." लोक हसले. दोघांनी पुढे होऊन त्याच्या खांद्यावरून दांडा काढून घेतला. आबा तिथेच कठड्याला टेकून उभे होते. घरी जाऊन त्यांनी ओटीवरचा फोटो उतरवला, आणि त्या दिवसापासून विश्रामशी बोलणं सोडलं. तो निघाला तेव्हा पाया पडायला वाकला, तर पाय आखडून घेतले.

त्यानंतरही शुक्रवारी तो फोन लावायचा. बायको, सुनीता, उचलायची. तो विचारायचा, "आबा बोलतात काय?" ती आत जाऊन यायची आणि म्हणायची, "पडलेत." मग मुलीच्या अभ्यासाचं वगैरे बोलून तो फोन ठेवायचा. गेटवर आता तो बसून असायचा, केबिनमध्ये, एसीपुढे. बटण दाबून बॅरियर उघडायचा. इमारतीतल्या लोकांनी सोसायटीच्या ग्रुपवर तक्रार टाकली, की हल्ली सिक्युरिटी सॅल्यूट करत नाही, शिस्त राहिलेली नाही.

एक दिवस मात्र तो पुन्हा उभा दिसला. मला थांबवून फोनवर काही तरी दाखवायला लागला. बर्फातून चालणारे शिपाई, मागे ढणढण संगीत. रशियाच्या फौजेत परदेशी माणसं घेतात, आणि मुंबईतला एक एजंट सगळं करून देतो, असं त्याने सांगितलं. चाळिशीला आलेल्या माणसाच्या डोळ्यांत मी इतका आनंद क्वचितच बघितला असेल. "वय चालतं, ताई. आणि तिथे पाय बघतच नाय!" पाय बघत नाहीत, कारण ते परत आणायचे नसतात, हे मी त्याला तोंडावर सांगितलं. सुपरवायझरनेही सांगितलं, "ए सुभेदार, पागल हो गया? उधर गया तो खलास." दुसऱ्या कोणाला एजंट मदतनिसाची, स्वयंपाक्याची नोकरी आहे असं सांगून नेत असतील. याला या एजंटाने सरळ सांगितलं होतं की लढाई आहे, आणि हा त्यासाठीच निघाला होता.

मी चिडले होते. म्हटलं, "अहो, तुमचं त्या लोकांशी भांडण काय? ज्यांच्यावर गोळ्या झाडणार त्यांनी तुमचं काय वाकडं केलंय?" तो शांतपणे म्हणाला, "पणजोबांचं तुर्कांशी काय भांडण होतं, ताई? पण त्यांची शिळा हाय." मी त्याला म्हटलं, मुलगी दहावीला आहे, तिचा विचार करा. म्हणाला, "तिचाच करतोय. उद्या तिचं लग्न ठरवताना लोक विचारतील, बाप काय करायचा? तेव्हा कुत्र्याचा व्हिडिओ दाखवतील." त्याने राजीनामा दिला. जायच्या सकाळी निळी वर्दी घडी करून सुपरवायझरच्या हाती दिली, आणि मला म्हणाला, "घरी कोणी विचारलं तर सांगू नका. वर्दी चढली की मीच फोटो पाठवीन." टॅक्सीवाल्याने 'यल्ला, यल्ला' करून घाई केली आणि तो गेला. जीन्स आणि टीशर्टमध्ये तो मला अगदीच कोणी तरी दुसरा वाटला.

तिकडून त्याचे चार-दोन फोन आले. पहिल्या फोनला आवाज मोठा होता. वर्दी मिळाली होती. ती आधी दुसऱ्या कोणाची तरी होती, अंगाला ढगळ होती आणि पोटापाशी एक डाग होता, तो कितीही धुतला तरी जात नव्हता. "पण खरी हाय, ताई." बंदूक धरायला जेमतेम शिकवलं होतं. बाकी खड्डे खणायचे, पेट्या वाहायच्या, बर्फातून जखमींना ओढत आणायचं. भाषा कळत नव्हती, शिव्या कळत होत्या. पुढच्या फोनला तो फार हळू बोलला. "इथे उभं राहायला देत नाय, ताई. उभं राहिलं की वरनं ड्रोन येतो. सगळं रांगत करायचं." मग त्याने विचारलं, घरी तुमचं बोलणं झालं का, आबा काय म्हणाले. फोटो त्याने पाठवला होता. मी सुनीताला फोन केला. ती म्हणाली, "आबांनी बघितला. म्हणाले, ह्यो पण कुठल्या तरी गेटावरचाच आसंल." हे मी त्याला कळवलं नाही. कळवायला त्याचा फोन परत आलाही नाही.

तो गेल्याचं त्याच्याबरोबरच्या एका पंजाबी मुलाने व्हॉइस मेसेजवर सांगितलं. पेटी घेऊन रांगत जाताना वरून पडलं, एवढंच. पेटी कसली होती तेही त्या मुलाला माहीत नव्हतं.

बहारीनमधल्याच सनद भागात एका मराठी घरी हळदीकुंकू होतं, तिथे विषय निघाला. इथल्या मराठी मंडळातल्या कोणी सांगितलं, आपण दोन मिनिटं उभं राहूया. उभे राहिलो. मग बसल्यावर एक इंजिनियर म्हणाले, "पैशासाठी लोक जिवावर उदार होतात, काय करणार!" त्यांच्या बायकोने चकली मोडत दुरुस्ती केली, "अहो, फसवलं बिचाऱ्याला. अडाणी माणसं." मला तिथे उठून ओरडावंसं वाटलं, आणि मी ओरडलेच. त्याला पैसे नको होते. त्याला कोणी फसवलं नव्हतं, निदान त्या एजंटाने तरी नाही. फसवलं म्हटलं की आपल्याला बरं वाटतं, चोर कुठे तरी मुंबईत बसलेला सापडतो. मग शंभर वर्षं एका घराला 'तुमच्यातला एक मरायला पाठवलात तर देवीला खांदा देऊ' असं सांगणाऱ्या गावाला काय म्हणायचं? आणि दुसऱ्याच्या युद्धात फुकट मेलेल्या पणजाला देव्हाऱ्यात बसवणाऱ्या बापाला? इंजिनियर म्हणाले, "वहिनी, तुम्ही फार मनाला लावून घेता." चहा आला आणि लोक सखीरच्या मोटार रेसच्या तिकिटांबद्दल बोलायला लागले.

पेटीतून त्याला गावी आणलं ते कित्येक महिन्यांनी, आणि ती उघडायची नाही असं सांगून. कोणा पुढाऱ्याने नाक्यावर 'शहीद जवान' असा बॅनर लावला. मग कोणी तरी तालुक्याहून कळवलं, की हा आपल्या फौजेतला नव्हे, तेव्हा आठवड्याच्या आत बॅनर उतरला. गावकीची बैठक बसली. मान परत द्यायचा का? ठरलं की नाही. परक्या राजासाठी मेलेला माणूस पलटणवाला कसा धरायचा? ही बैठक शाळेच्या पटांगणात भरली होती, त्या शिळेला पाठ लावून बसायला सावली बरी मिळते म्हणून. मग एक जण म्हणाला, शिवाय त्याला मुलगीच आहे, खांदा देणार कोण? त्यावर सगळ्यांचं एकमत झालं.

मे महिन्यात सुट्टीवर आले तेव्हा मी त्यांच्या गावी गेले. घर मातीचं, स्वच्छ सारवलेलं. आबा ओटीवर खुर्चीत बसले होते, दाढी गुळगुळीत, सदऱ्याची सगळी बटणं लावलेली. सुनीताने कोकमाचं सरबत दिलं आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. इकडचं तिकडचं बोलण्याची आबांची पद्धत नव्हती. त्यांनी मला विचारलं, "तुमच्याशी तो बोलायचा म्हणे. शेवटपर्यंत."

"हो," मी म्हटलं.

"वर्दी होती अंगावर?"

"होती."

"खरी?"

मला तो ढगळ कोट आणि तो न जाणारा डाग आठवला. तरी त्यात खोटं काही नव्हतं. "खरी," मी म्हटलं.

आबांनी पाठ सरळ केली. खुर्चीच्या हातांवर हात ठेवले आणि समोरच्या अंगणाकडे बघत म्हणाले, "मग ठीक हाय."

"ठीक हाय ना?" सुनीता चौकटीतूनच म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "मग आता बोला त्येच्याशी. दर शुक्रवारी इचारायचा, आबा बोलतात काय. बर्फात पडून पण तेच इचारलंन. तुमची वर्दी झाली ना आता? मग बोला."

दोनदा आबांचं तोंड उघडलं आणि मिटलं. मग मान वळवून त्यांनी सुनेकडे बघितलं, आणि खरोखरच माहीत नसल्यासारखं तिला विचारलं, "काय बोलू?"